भीडमान

मंदाकाकी म्हेत्रे पैसे कधी मागत नसे, ती नुसती जाऊन बसत असे.

इचलकरंजीच्या गावभागात तिची बायकांची भिशी होती. महिन्याला प्रत्येकीनं ठरलेली रक्कम टाकायची आणि जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिनं सगळी उचलायची, असा साधा मामला. अशा भिश्या वर्ष-दोन वर्षांत भांडणं होऊन मोडतात. काकीची भिशी मात्र तिच्या लेकी-सुनांच्या वयाच्या बायका येईपर्यंत चालू राहिली आणि तिच्यात एक हप्ता कधी बुडाला नाही. कुणाचा राहिलाच, तर काकी दुपारचं आवरून तिच्या घरी जायची. चप्पल दारात, मांडी जाजमावर, आणि "काय गं, जेवलीस काय?" मग सासूचा गुडघा, पोराची दहावी, डाळीचा भाव. चहा यायचा. चहा संपला की काकी कप खाली ठेवायची आणि गप्प बसायची. रागानं नाही हो, आपली सहज. पण त्या गप्प बसण्यानं घरातली बाई अस्वस्थ व्हायची, उठायची, पैसे आणून द्यायची आणि वर "उशीर झाला बघा काकी" म्हणून स्वतःच ओशाळायची. काकीनं पैशातला 'प'सुद्धा काढलेला नसायचा.

याला आपल्याकडे भीड म्हणतात. भीती वेगळी, आदर वेगळा आणि भीड वेगळी. भीड पडली की 'नाही' हा शब्द घशापर्यंत येतो आणि तिथंच फतकल मारून बसतो. ज्याला अनुभव नसेल त्यानं एकदा आपल्या मावशीला लग्नाला येत नाही म्हणून सांगून बघावं.

अशा बाईचा पत्ता 'सौजन्य'वाल्यांना लागला नसता तरच नवल.

'सौजन्य' ही वसुलीची कंपनी. लोकांच्या थकलेल्या उधाऱ्या, बिलं, फिया वसूल करून द्यायच्या आणि त्यातला हिस्सा घ्यायचा, हा धंदा. पूर्वी या धंद्यात दंड फुगवलेली माणसं असत. दारात येऊन शिव्या देत, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडत. मग कायदा इतका कडक झाला, की थकबाकीदाराला चढ्या आवाजात नमस्कार घातला तरी दंड भरावा लागे. तेव्हा धंद्यानं कात टाकली. दंडवाली माणसं गेली आणि केतन उपाध्येसारखी माणसं आली. हा केतन 'सौजन्य'चा या भागातला अधिकारी. तिशीतला, इस्त्रीच्या सदऱ्यातला, बोलणं साजूक तुपातलं.

"काकी, तुम्ही कुणाकडून काही वसूल करायचं नाही," तो काकीच्या घरच्या पुढच्या सोप्यात बसून म्हणाला. "तुम्ही फक्त गाठ घालून द्यायची. ज्यांची उधारी अडकलीय असे दुकानदार, क्लासवाले, दवाखाने आमच्याकडे पाठवायचे. पुढचं आम्ही बघू. जेवढं वसूल होईल त्यात तुमचा वाटा. खातं चालू आहे तोवर कमिशन चालू."

"म्हणजे सूतदलालासारखं."

"अगदी! फक्त सूत नाही, दलाली तेवढी आहे."

काकीचे यजमान दिगूअण्णा पलीकडे वर्तमानपत्र घेऊन बसले होते. जन्मभर यंत्रमागावर जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. मागांच्या खडखडाटानं दोन्ही कान गेले होते. मुलीनं घेऊन दिलेलं कानातलं यंत्र ते कपाटात जपून ठेवत आणि समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखत.

"काय विकायला आलाय हा?" त्यांनी शेजारी माग चालू असल्यासारखं ओरडून विचारलं.

"विकायला नाही हो, घ्यायला आलाय."

केतन हसला. काय घ्यायला आलाय ते तेव्हा त्यालाही पुरतं ठाऊक नसावं.

काकीला हे काम मानवलं. जुने माग भंगारात गेल्यापासून घरात येणं कमी आणि गोळ्यांचा खर्च जास्त, अशी गत होती. आता ती साडीच्या दुकानात जाऊन बसे, मालकाचं रडगाणं ऐके आणि म्हणे, "रडता कशाला? माझ्या ओळखीची माणसं आहेत." असं करत तिनं साडीचं दुकान आणलं, मिठाईवाला आणला, दोन क्लास आणले आणि डॉक्टर हळदणकरांचा दवाखानाही आणला. फोनवर कमिशन जमा झाल्याचा टुणकन आवाज आला की तिला बरं वाटे. का वाटू नये? साठी उलटल्यावर बाईच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा येत होता.

मग एक दिवस केतन नवी योजना घेऊन आला.

"काकी, माणूस 'नाही' म्हणतो ना, ते फुकट म्हणत नाही. त्याचा त्रास त्याच्या शरीराला होतो. आणि तो त्रास आता मोजता येतो."

तो म्हणाला ते खरंच होतं. समोरच्याचा आवाज कानी पडल्यापासून 'नाही' ओठांवर यायला किती वेळ लागतो, घशाचे स्नायू किती ताठरतात, त्यानं आवाजाची पट्टी किती चढते, श्वास कुठं अडतो, हे सगळं फोनवरच्या बोलण्यातून यंत्राला कळत असे. माणसाच्या कानाला न जाणवणारे हे फरक त्यानं कोट्यवधी संभाषणं ऐकून शिकून घेतले होते. शिवाय 'नाही' सरळ न येता 'बघते', 'पुढच्या आठवड्यात', 'ह्यांना विचारून सांगते' अशी कुठली कुठली लुगडी नेसून येतं, तेही त्याला पाठ होतं. या सगळ्यातून यंत्र एक आकडा काढी. तापाचं जसं तापमान, तसं भिडेचं भीडमान. ते एकट्या माणसाचं नसे, दोघांमधलं असे. तुमचं बँकेच्या साहेबाशी भीडमान जवळजवळ शून्य निघेल आणि लहानपणी पाढे शिकवलेल्या बाईंशी शंभराच्या घरात.

आणि यंत्रानं धंद्याला एक गोष्ट पटवून दिली होती. भीती घातली की माणूस फोन बंद करतो. भीड घातली की तो स्वतः होऊन देतो आणि वर माफी मागतो.

"तेव्हा तुमचा आवाज द्या, काकी. वाटा दुप्पट. यंत्र तुमच्यासारखं बोलेल. पैशाचं नाव नाही, दमदाटी नाही. तुम्ही बोलता तसंच."

आता इथं काकीचं चुकलं, आणि ही चूक भिशी चालवणारी बाईच करू जाणे. तिच्या हिशेबानं भीड ही जाजमावर मांडी घालून, चहा पिऊन, समोरासमोर पडायची वस्तू. फोनवर कुठं भीड पडते होय? आणि आपला आवाज लावतील तो कुठल्या तरी लांबच्या, अनोळखी माणसांना. अनोळखी माणसाला मंदा म्हेत्रेची कसली आलीय भीड! फुकटचा पैसा आहे, असं म्हणून तिनं होकार दिला. मग चार-सहा दुपारी केतनचं यंत्र तिच्या सोप्यात बसून तिचं बोलणं ऐकत राहिलं. बायका येत, गप्पा होत, चहा होई. काकी गप्प बसे तेव्हाही ते ऐकतच होतं.

वर्षभरात गावाची रीत पालटली. काकीसारख्या भिडेच्या माणसांची 'सौजन्य'ला आणि तिच्या धंद्यातल्या भावंडांना चटकच लागली. निवृत्त हेडमास्तर, गावाची बाळंतपणं केलेल्या नर्सबाई, भजनी मंडळाचे बुवा, सगळ्यांना आवाजाचे पैसे मिळू लागले. आधी बिल थकल्याचा कोरडा निरोप यायचा आणि थोड्या वेळानं अशा कुणाचा तरी प्रेमाचा फोन. कायद्याप्रमाणे फोन संपल्यावर 'हा आवाज यंत्राचा होता' असा मजकूर येई, पण तो इतक्या बारीक अक्षरांत, की वाचतो कोण? हळूहळू लोक ज्यांची भीड वाटते त्यांचेच फोन टाळू लागले. हेडमास्तरांचं नाव दिसलं की फोन उशीखाली. उलट गावातल्या उडाणटप्पूंना सुगीचे दिवस आले. त्यांची भीड कुणाच्या बापाला नव्हती, म्हणून त्यांचे फोन लोक बिनघोर उचलत.

काकीला याची झळ उशिरा लागली. तिच्या भिशीतल्या वैजयंता सुतारला नातू झाला, म्हणून काकी झबलं-टोपडं घेऊन बघायला गेली. दारात तिला पाहताच वैजयंताचा चेहरा उतरला.

"काकी, अहो परवाच भरले की! तुमचा फोन ठेवला आणि लगेच भरले."

"काय भरलंस?"

"साडीच्या दुकानाचे. तुम्ही पैशाचं काही बोलला नाहीत, पण एवढं कळतं हो मला. बारशासाठी ठेवले होते, म्हणून जरा मागंपुढं झालं."

"अगं, मी बाळ बघायला आलेय."

"हो हो, बसा की," वैजयंता म्हणाली, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. चहा झाला आणि काकीनं सवयीनं कप खाली ठेवला. वैजयंता चटकन उठली आणि विचारू लागली, अजून काही राहिलंय का, काकी? बाळ आतल्या खोलीत निजलं होतं. ते दाखवायचं राहूनच गेलं.

काकी तिथून तडक केतनच्या कचेरीत गेली.

"माझा आवाज तू कुणाला ऐकवतोस रे?"

"जिथं भीडमान सगळ्यात जास्त, तिथं," केतन म्हणाला. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "अनोळखी माणसावर कोण वाया घालवेल, काकी? तुम्ही आणलेली दुकानं गावातली, त्यांची गिऱ्हाइकं गावातली. त्यातल्या निम्म्या घरांत तुमच्याइतकी भीड कुणाचीच नाही. आणि खरं सांगू? कमाल तुमच्या बोलण्याची नाही. आमच्याकडे बोलणारे आवाज पुष्कळ आहेत. तुमच्यासारखं गप्प बसणं कुणाकडेच नाही!"

त्यानं कौतुकानं एक नमुना लावला. नियमाप्रमाणे समोरच्या बाईचा आवाज बदलून जाडाभरडा केला होता.

"काय गं, जेवलीस काय?" काकीचाच आवाज. तोच हेल, तोच शेवटचा लांबवलेला 'काय'.

"जेवले. तू?"

मग गुडघ्याचं बोलणं झालं, भाजीचं झालं. यंत्रानं मधेच कप ठेवल्याचा बारीक आवाज केला. आणि गप्प बसलं. कचेरीत ऐकत बसलेल्या काकीलाही ते सोसवेना. तिचा हात आपोआप पिशवीकडे गेला. आपण आजवर बायकांना काय करत होतो हे तिला त्या वेळी कळलं आणि तिला स्वतःची शिसारी आली.

"मंदा," तो जाडाभरडा आवाज शेवटी म्हणाला, "डोळ्याच्या इंजेक्शनांसाठी ठेवलेत गं मी ते. तेवढं होऊ दे म्हणत होते... बरं. असू दे. देते दवाखान्याचे."

केतन म्हणाला, "नाव सांगता येत नाही हं, काकी."

नाव सांगायची गरज नव्हती. गावात तिला काकी न म्हणता मंदा म्हणणारी एकच बाई उरली होती. शमशाद मुल्लाणी. दोघींनी पोरवयात एका शेडमध्ये बसून मागाच्या कांड्यांवर सूत भरलं होतं, एकीच्या डब्यातली भाकरी दुसरीनं खाल्ली होती. शमाचा नवरा गेल्या साली हळदणकरांच्या दवाखान्यात वारला, तेव्हा बाहेरच्या बाकावर मंदाच बसली होती. त्याचंच बिल थकलं होतं. शमा घरात साड्यांना पिको-फॉल करून पोट भरायची. मधुमेहानं तिचा एक डोळा आधीच गेला होता आणि दुसऱ्याच्या पडद्यावर सूज होती. त्याला दर महिन्याला इंजेक्शन द्यायचं, म्हणजे नजर टिकते, असं डोळ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. भिशीची चिठ्ठी तिच्या नावानं निघाली तेव्हा काकीनंच ते पैसे तिच्या हातात ठेवले होते आणि म्हणाली होती, "हे फक्त डोळ्याचे."

शमाच्या घरी पोचेपर्यंत काकीला धाप लागली. शमा मशीनपुढं बसली होती, दोरा सुईच्या आजूबाजूला फिरवत होती.

"आलीस? आधी ही सुई ओवून दे."

काकीनं सुई ओवली. मग विचारलं, "इंजेक्शन कधी घेतलंस?"

"दोन चुकलीत. डॉक्टर म्हणाले, या महिन्यात नाही घेतलं तर गेलेलं परत यायचं नाही. बघू." शमानं चाकावर हात ठेवला, पण फिरवलं नाही. "तुला एक सांगू का मंदा? पैशाचं वाईट वाटलं नाही. दवाखान्याचे होतेच द्यायचे. पण तू परक्या बायकांच्या घरी जाऊन बसतेस आणि माझ्याकडे नुसता फोन?"

"मी नव्हते गं ती."

आणि काकीनं सगळं सांगितलं. यंत्र, आवाज, कप, सगळं. तो बारीक अक्षरांतला मजकूर शमाला दिसणं शक्यच नव्हतं. तिनं ऐकून घेतलं आणि एकदम हसायला लागली.

"या अल्ला! म्हणजे मी यंत्राला माझा गुडघा सांगत बसले?"

काकीही हसली. बरं वाटलं तिला. तेवढ्यात शमानं विचारलं, "आणि त्यातलं तुला काय मिळालं?"

थाप मारता आली असती. काकीला ती मारवेना. "मिळालं. बऱ्यापैकी एक साडी येईल एवढं."

"मग? नेसलीस का?"

काकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "शमा, मी भरते सगळे पैसे. माझ्याकडे पुरे नाहीत, पण भिशीत शब्द टाकते. कुणी नाही म्हणायचं नाही."

"तेच तर!" शमाचा आवाज चढला. "कुणी नाही म्हणायचं नाही. वैजयंताकडं बाळंतपण आहे. ढवळ्यांच्या सुनेचा नवरा घरी बसून आहे. त्या तुझ्या तोंडाकडं बघून देतील आणि घरी जाऊन रडतील, मी रडले तशा. तसल्या पैशाची नजर मला नको. त्यापेक्षा आंधळी बरी मी."

हे 'नको' क्षणात आलं होतं. श्वास अडला नाही, पट्टी चढली ती रागानं. काकी उठली. पोरवयापासूनची मैत्रीण आंधळी होणार आणि आपण काही करायला गेलो तरी ते वसुलीच ठरणार, या विचारानं तिला रस्ता दिसेना.

घरी येऊन तिनं दिगूअण्णांच्या समोर बसून, ओठ दिसतील असं सावकाश, सगळं सांगितलं.

"भीड ही भिकेची बहीण, माझी आई म्हणायची," अण्णा म्हणाले.

"तुम्हाला बरी कधी माझी भीड पडली नाही!"

"मला ऐकू कुठं येतंय? तुझं गप्प बसणं आणि बोलणं मला सारखंच." अण्णा खो खो हसले. मग म्हणाले, "मला नको असेल तेव्हा मी तुला नाही म्हणत आलोय. कितींदा भांडलीस त्यावरनं. पण म्हणून मी हो म्हटलं की तुला ते खरं वाटतं."

काकी आमटीला फोडणी द्यायला उठली.

रविवारी दुपारी भिशीच्या बायका जमल्या. परातीत भडंग होतं, चहाचं आधण ठेवलं होतं. शमा आली नव्हती. काकी नेहमीसारखी बसली नाही. ती मधोमध उभी राहिली, चहा व्हायच्याही आधी.

"आज मी पैसे मागणार आहे," ती म्हणाली.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. काकीच्या तोंडून हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"आधी दुसरं ऐका. तुम्हाला माझे फोन आले. ते यंत्रानं केले होते. आवाज मी विकला होता. तुम्ही भरलेल्या पैशातलं कमिशन मला मिळालं. जिनं भरलं तिनं मला सांगा, माझा वाटा मी तिला परत करीन."

एकच गिल्ला झाला. वैजयंता रडत म्हणाली, बारसं साधं केलं हो मी त्यापायी! ढवळ्यांची सून म्हणाली, "काकी, लाज कशी वाटली नाही तुम्हाला?" असं काकीला उभ्या जन्मात कुणी बोललं नव्हतं.

"वाटते की," काकी म्हणाली. "आता मागणं ऐका. शमाचा उरलेला डोळा जायला लागलाय. या महिन्यात इंजेक्शन नाही झालं तर तो जाईल. मी प्रत्येकीला तोंडानं विचारणार. 'बघते' नको, 'ह्यांना विचारते' नको. द्यायचे तर द्या, नाहीतर सरळ नाही म्हणा. वैजयंता, देतेस?"

वैजयंतानं पदरानं डोळे पुसले. तिचे ओठ दोनदा हलले. "नाही, काकी. मला नाही जमायचं."

"बरं. सुरेखा?"

"नाही."

"नाही," तिसरी म्हणाली. "असते तरी आज दिले नसते. राग आलाय मला तुमचा."

पहिले पाच-सहा नकार काकीला फार लागले. मग ढवळ्यांच्या सुनेची पाळी आली. नवरा घरी बसलेला, ही नाहीच म्हणणार, असं धरून काकी पुढच्या बाईकडे बघायला लागली होती.

"मी देते," सून म्हणाली. "थोडे. तुमच्यासाठी नाही हं. शमाभाभींनी माझ्या लग्नातल्या साडीला फुकट फॉल लावला होता."

त्यानंतर कुणी नाही म्हणालं, कुणी थोडे दिले, कुणी बरेच. दोघी-तिघींनी तिथल्या तिथं भिशी सोडली. चहा उकळून कडू झाला आणि बऱ्याच जणी तो न घेताच गेल्या.

दोन दिवसांनी केतनचा फोन आला.

"काकी, तुम्ही काय केलंत? तुमच्या आवाजाला परवापासून लोक सरळ नाही म्हणतायत. अडखळत नाहीत, काही नाही. काही जणी तर हसून म्हणतायत. गावभागातलं तुमचं भीडमान कोसळलं."

"कोसळू दे."

"खातं बंद करावं लागेल. कमिशनही बंद."

"कर की बाबा."

तो फोन ठेवेना. म्हणाला, "काकी, एक विचारू? माझी आई हल्ली माझा फोन उचलत नाही."

"मग फोन कशाला करतोस? घरी जा तिच्या," काकी म्हणाली आणि पायात चप्पल सरकवली.

शमा ओट्यावर बसून हातानं चाचपत साडीची किनार दुमडत होती. काकीनं पाकीट तिच्या मांडीवर ठेवलं.

"काय हे?"

"भिशीतल्यांनी दिलेत. पहिल्या दोन इंजेक्शनांचे होतील."

शमाचा चेहरा कठीण झाला. "मी काय सांगितलं होतं तुला?"

"गप्प बसून नाही आणले, शमा. उभी राहून, तोंड उघडून मागितले. कमिशनचंही सांगितलं सगळ्यांना."

शमाचे हात थांबले. "मग?"

"मग काय! लाज काढली माझी. तिघींनी भिशी सोडली."

"नाही कोण म्हणालं?"

"वैजयंता म्हणाली. सुरेखा म्हणाली. पाटलांच्या तिघी जावा म्हणाल्या, त्या तर एका सुरात."

"किती जणी म्हणाल्या सगळ्या मिळून?"

"निम्म्याच्या वर."

शमानं पाकीट हातात घेतलं, उघडलं नाही. बोटांनी त्याच्या कडा चाचपल्या. मग तिनं साडी बाजूला सारली आणि डोक्यावरून ओढणी घेतली.

"निम्म्यांनी नाही म्हटलं ना? मग बाकीच्यांचे घेते मी," ती म्हणाली. "चल दवाखान्यात. आणि हात धर माझा, पायरी दिसत नाही मला."